गानहिरा हिराबाई बडोदेकर

मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा झाशीची राणी, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे अर्थातच आधी मनात आली. पण त्यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी भगिनी लिहितेच. म्हणून मी गानहिरा हिराबाई बडोदेकर यांचे चरित्र लिहावयाचे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रागदारीतले बारकावे मला कळत नाहीत, आणि ते सांगण्याचा आवही मी आणणार नाही. पण हिराबाईंच्या आयुष्यात गाण्याखेरीजही पुष्कळ काही आहे, आणि ते आपल्यासारख्या संसारी बायकांना चांगले समजते.

आज आपल्या आळीतील एखादी मुलगी संध्याकाळी वही घेऊन गाण्याच्या क्लासला निघाली तर कोणी तिला अडवीत नाही. उलट यंदा कितवी परीक्षा म्हणून शेजारणी कौतुकाने विचारतात. शंभर वर्षांपूर्वी असे नव्हते. चांगल्या घरच्या मुलीने गायचे म्हणजे जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, पाळणा आणि देवापुढची आरती. तंबोरा घेऊन चार परक्या माणसांत गायला बसणे हे घराण्याला बट्टा लावणारे समजले जाई. तो बट्टा पुसला गेला याचे पुष्कळसे श्रेय हिराबाईंना आहे. त्यांनी त्यासाठी भाषणे केली नाहीत की लेख लिहिले नाहीत. त्या नुसत्या गात राहिल्या.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील म्हणजे किराणा घराण्याचे थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, आणि आई ताराबाई माने. या ताराबाईंबद्दल थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण माझ्या मते हिराबाईंचे चरित्र तेथूनच सुरू होते. ताराबाई बडोद्याच्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. राजघराण्याशी नाते असलेले घर, म्हणजे काय थाटामाटात त्या वाढल्या असतील याची कल्पना करावी. खाँसाहेब तरुणपणी बडोद्याच्या दरबारी गवई म्हणून होते. ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या आणि शिकता शिकता दोघांची मने जुळली. एक सरदाराची मुलगी, एक दरबारचा गवई, आणि धर्मही वेगळे. तेव्हा बडोद्यात राहणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. मागे वळून पाहण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण माहेरचा दरवाजा कायमचा बंद झाला.

पुढे हे कुटुंब मुंबई, मिरज, पुणे असे फिरत राहिले. मुले पाच झाली, दोन मुलगे आणि तीन मुली. थोरला अब्दुल रहमान, म्हणजेच पुढे नावारूपाला आलेले सुरेशबाबू माने. त्यानंतर कृष्णराव, मग चंपाकली म्हणजे आपल्या हिराबाई, मग कमलाबाई आणि सर्वांत धाकट्या सरस्वतीबाई, ज्यांना घरात छोटूताई म्हणत. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तेथे गुरूच्या घरी राहून शिकणारी मुले असत. राहून शिकणारी मुले म्हणजे रोज किती भाकऱ्या आणि किती आमटी, हे कोणत्याही चरित्रात लिहिलेले नसते. पण आपण बायका ते वाचल्यावाचून समजतो.

१९२० च्या सुमारास ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. पाचही मुले त्यांनी बरोबर घेतली. कारण काय झाले, कोणाचे चुकले, हे आपण परक्यांनी उकरून काढू नये. नवराबायकोतले त्यांचे त्यांना ठाऊक. पण एवढे खरे, की ज्या बाईने एकदा माहेर सोडले होते तिने आता दुसऱ्यांदा घर सोडले, आणि या खेपेस कडेखांद्यावर पाच जीव होते. पैसा नाही, माहेर नाही, आणि त्या काळी बाईला नोकरी कोण देणार? जवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाणे. स्वतः शिकलेले आणि मुलांच्या गळ्यात उतरलेले.

तेव्हा मुलांची नावेही बदलली. मुलगे आईच्या माहेरचे माने हे आडनाव लावू लागले, आणि हिराबाई बडोदेकर झाल्या. ज्या बडोद्याने आईला परत घेतले नाही, त्याच गावाचे नाव लेकीने आयुष्यभर मिरविले आणि सगळ्या हिंदुस्थानात नेले. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. मुलांना आईचे आडनाव लागावे यावर हल्ली चर्चा होतात, पण त्या घरी हे शंभर वर्षांपूर्वी झाले होते, आणि गाजावाजा न होता झाले होते.

हिराबाईंचे शिक्षण मुख्यतः दोघांकडे झाले. एक थोरले बंधू सुरेशबाबू आणि दुसरे किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ. या वहीद खाँसाहेबांना ऐकू कमी येत असे, पण रागाची बढत करावी ती त्यांनीच, असे जाणकार सांगतात. एकेक स्वर घ्यायचा, त्यावर थांबायचे, त्याला सर्व बाजूंनी गोंजारायचे आणि मगच पुढच्या स्वराकडे वळायचे. मला हे असे समजते, की दूध मोठ्या आचेवर उतू घालविण्यापेक्षा मंद आचेवर ढवळीत आटवावे, तेव्हा कुठे बासुंदीला गोडी येते. मात्र हिराबाईंनी गुरूंचे सगळे जसेच्या तसे उचलले नाही. वहीद खाँसाहेब एकच राग तासन् तास आळवीत. हिराबाईंनी ख्याल आटोपशीर केला, आणि त्यानंतर ठुमरी, नाट्यपद, भजन असे वाढीत त्या मैफल रंगवू लागल्या. त्यामुळे ज्यांना रागाचे नावही सांगता येत नाही अशी माणसेसुद्धा शेवटपर्यंत बसत. ताटात वरणभातही हवा, कोशिंबीरही हवी आणि शेवटी गोडाचा घासही हवा, हे त्यांनी ओळखले. आवाजही तसाच लाभला होता, बारीक, सुरेल आणि कोठेही न टोचणारा.

१९२१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या मुंबईतील गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत समारंभात हिराबाई गायल्या. पलुस्करबुवांसारख्या धर्मनिष्ठ माणसाच्या संस्थेत एका तरुण मुलीने गावे, ही त्या काळी साधी बाब नव्हती. तेथून त्यांचे नाव झाले. पुढे लवकरच तिकीट लावून त्यांच्या जाहीर मैफली होऊ लागल्या. तिकीट लावून गाणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते.

हे तिकिटाचे महत्त्व प्रथम माझ्याही लक्षात आले नव्हते, म्हणून जरा उलगडून सांगते. पूर्वी गायिकांचे गाणे बहुधा खाजगी बैठकीत होई. एखादा धनिक बैठक ठेवी, त्याचे मित्र लोडाला टेकून बसत, फर्माइशी होत. घरच्या बायका असल्याच तर पडद्याआड किंवा माडीवर. म्हणजे गाणारी बाई घरधन्याची मिंधी आणि ऐकणारी बाई दाराआड. तिकिटाने दोघींची सुटका केली. ज्याने पैसे भरले तो खुर्चीवर बसला, मग तो सावकार असो की कारकून. आणि कारकुनाबरोबर त्याची बायको, सासू, बहीणही येऊन बसू लागली. गाणाऱ्या बाईला कोणाच्या घरी जावे लागले नाही. लोक तिच्याकडे आले.

हिराबाईंचे बसणेही तसेच होते. अंगभर पदर, हातात तंबोरा, चेहरा शांत. हातवारे नाहीत, नेत्रकटाक्ष नाहीत, अदा नाहीत. देवघरात बसल्याप्रमाणे त्या बसत आणि सगळे काम गळ्याकडून करून घेत. ऐकायला आलेल्या आयाबायांना आपल्याच घरातली कोणी गात आहे असे वाटे, आणि मग आपल्या मुलीलाही हे शिकवायला काय हरकत आहे, हा विचार मनात येई.

येथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिराबाईंची स्तुती करताना काही लोक आधीच्या गायिकांना नावे ठेवतात, ते मला मुळीच पटत नाही. ज्यांना समाजाने कलावंतीण म्हणून दूर ठेवले त्यांनीच पिढ्यान् पिढ्या ही विद्या जतन केली. हिराबाईंच्याच काळातल्या गोमंतकातील केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनीही किती हालअपेष्टा सोसून उस्तादांकडून विद्या मिळविली! तेव्हा एकीला मोठे करण्यासाठी दुसरीला लहान करू नये. हिराबाईंनी वेगळे केले ते एवढेच, की जे दार आतून आणि बाहेरून दोन्हीकडून बंद होते, ते त्यांनी उघडले.

त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही पुष्कळ निघाल्या. तीन सव्वातीन मिनिटांची ती काळी तबकडी, पण तिने गाणे माजघरापर्यंत पोचविले. माझ्या आजेसासूबाई सांगत असत, की त्यांच्या माहेरच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडाकडे फोनोग्राफ होता. दुपारी जेवणे उरकली की वाड्यातल्या साऱ्या बायका धान्य निवडायची ताटे घेऊन तेथे जमत आणि हिराबाईंची तबकडी लागे. त्यांचे वडील फार कडक. मुलींनी नाटकातले पद नुसते गुणगुणलेले त्यांना खपत नसे. पण हिराबाईंची तबकडी लागली की ते ओसरीवर येऊन बसत आणि काही बोलत नसत. आजेसासूबाईंना गाणे शिकायला मिळाले नाही ते नाहीच. मात्र त्यांच्या धाकट्या बहिणीला पेटी शिकवायला मास्तर ठेवले होते. एवढ्या दहा वर्षांत वाड्याची हवा बदलली, असे त्या म्हणत.

आता नाटक कंपनीची हकीकत. हा हिराबाईंच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ. संगीत नाटके तेव्हा भरात होती. पण स्त्रियांची कामे पुरुषच करीत, आणि बालगंधर्वांसारखे नट ती इतकी सुंदर करीत, की खऱ्या स्त्रीने रंगभूमीवर यावे ही कल्पनाच लोकांना रुचत नसे. केवळ स्त्रियांच्या मंडळ्या होत्या, पण स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र काम करणे म्हणजे अब्रह्मण्यम्! अशा वेळी ताराबाई आणि त्यांची मुले यांनी १९२९ साली नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली आणि भाऊ, बहिणी व इतर नट मिळून नाटके करू लागली. स्त्रियांची कामे स्त्रियांनी आणि पुरुषांची पुरुषांनी करावयाची, हे त्या कंपनीचे वैशिष्ट्य. ‘सौभद्र’ नाटकात हिराबाई सुभद्रा होत. सख्खी भावंडे एका रंगमंचावर, आणि सगळ्यांवर आईची नजर, अशी ती घरचीच कंपनी होती. त्यामुळे लोकांना बोट ठेवायला जागा मिळेना.

आपण सर्रास वाचतो, की ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ सालच्या नाटकापासून स्त्रिया पुरुषांबरोबर रंगभूमीवर आल्या. ते नाटक महत्त्वाचे खरेच. पण त्याच्या आधी चार वर्षे हिराबाईंच्या कंपनीने ही वाट चालायला सुरुवात केली होती, हे विसरले जाते.

कंपनी चालविणे मात्र सोपे नसते. पडदे, कपडे, नटांचे पगार, गावोगावचा प्रवास, एवढ्या माणसांचा भटारखाना! त्यात १९३१ साली बोलपट आला आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ लागल्यावर मराठी प्रेक्षकही तिकडे धावला. चार आण्यांत बोलता गाता खेळ मिळू लागल्यावर नाटकाला रात्रभर कोण बसणार? मोठमोठ्या कंपन्या बसल्या, तेथे या भावंडांची काय कथा! कंपनी बंद पडली आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर राहिला.

अशा वेळी हात वर करणारे पुष्कळ असतात. हिराबाईंनी तसे केले नाही. मैफली करून त्यांनी ते कर्ज फेडले. त्या काळचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. तंबोरे सांभाळीत आगगाडीने जायचे, रात्री गायचे, पहाटे पुन्हा गाडी गाठायची आणि मिळालेल्या बिदागीतून देणेकऱ्यांचे भागवायचे. गळा बसला, अंगात कणकण आली तरी घेतलेली सुपारी मोडता येत नाही. लोक समोर गोड गाणे ऐकत होते, त्यामागे हप्ते होते. आपल्यापैकी ज्यांनी घराचे कर्ज फेडले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

बोलपटातही त्यांनी काही कामे केली. १९३४ सालचा ‘सुवर्णमंदिर’ आणि १९३७ सालचा बाबूराव पेंटरांचा ‘प्रतिभा’ हे त्यांतले. पण त्यांचे मन तेथे रमले नाही, आणि लोकही त्यांना ओळखतात ते मैफलीच्या हिराबाई म्हणूनच.

१९३७ सालीच ऑक्टोबर महिन्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ दक्षिणेत मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना वाटेतल्या एका लहानशा स्टेशनावर वारले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. घर तुटले होते, नावे बदलली होती, पण त्या पाच मुलांच्या गळ्यांतून बापाचे सूर काही पुसले गेले नाहीत. हिराबाईंची जुनी तबकडी आणि खाँसाहेबांची तबकडी एकापाठोपाठ ऐकावी. माझ्यासारख्या अडाणी कानालाही नाते कळते.

पुढे मानसन्मान झाले. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हटले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा दिल्लीच्या सोहळ्यात ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांना मिळाला. जिच्या जन्मावेळी बायकांनी उघड गाणे निषिद्ध होते, तिलाच देशाने त्या दिवशी गायला बोलाविले. १९५३ साली भारतीय कलावंतांच्या पथकाबरोबर त्या चीनला गेल्या. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण ही पदवी मिळाली.

१९५३ हेच साल त्यांना फार दुःखाचेही गेले. थोरले बंधू आणि गुरू सुरेशबाबू त्या वर्षी गेले. सुरेशबाबू मोठे गुणी, पण प्रसिद्धीची आणि पैशाची हाव नसलेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे पाहिली म्हणजे त्यांची योग्यता कळते. वसंतराव देशपांडे त्यांच्याकडे शिकले. गोड गळ्याच्या माणिक वर्मा सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडे शिकल्या. आणि प्रभा अत्रेही. प्रभाताई पुण्याच्या. वडील शिक्षणक्षेत्रातले, घरात गाण्याची परंपरा नव्हती. आईची प्रकृती बरी नसे, तिचे मन रमावे म्हणून घरी गाणे शिकविणारे येऊ लागले. आईचे शिकणे थांबले, पण लहान प्रभा शिकत राहिली. पुढे त्या सुरेशबाबूंकडे आणि त्यांच्या पश्चात हिराबाईंकडे शिकल्या, हिराबाईंच्या मागे बसून गावोगावच्या मैफलींना साथ केली, शिवाय कॉलेजात जाऊन कायद्याची पदवीही घेतली. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०२४ च्या जानेवारीत त्या वारल्या. एका शिक्षकाच्या मुलीने गवई व्हावे आणि घरच्यांनी तिला हौसेने गाण्याला धाडावे, हे १९२१ साली घडले असते का? मध्ये हिराबाई होत्या म्हणून घडले.

धाकट्या बहिणीवर हिराबाईंचा फार जीव. सरस्वतीबाई राणे स्वतःही नामवंत गायिका होत्या. १९४३ सालच्या ‘रामराज्य’ बोलपटातले वीणेचे गाणे त्यांचेच, आपल्या आधीच्या पिढीला ते तोंडपाठ असे. उतारवयात या दोघी बहिणी एकत्र बसून जुगलबंदी गाऊ लागल्या. दोन स्त्रियांनी अशी रागदारीची जुगलबंदी जाहीरपणे गाणे हेही नवीनच होते. नाव जुगलबंदी असले तरी त्यात चढाओढ नसे. थोरलीने एक जागा दाखवावी आणि धाकटीने ती अलगद उचलून पुढे न्यावी. लहानपणी एका पोळपाटावर दोघी बहिणींनी आळीपाळीने पोळ्या लाटाव्यात, तसे ते गाणे चाले.

हिराबाई २० नोव्हेंबर १९८९ रोजी वारल्या. वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सरस्वतीबाई त्यानंतरही बरीच वर्षे, २००६ पर्यंत होत्या. त्यांनी आपल्या नातीला, मीना फातर्पेकर यांना, गाणे शिकविले आणि त्याही गायिका झाल्या. बडोद्याच्या वाड्यात ताराबाईंनी जे शिकायला सुरुवात केली होती, ते असे त्यांच्या पणतीपर्यंत आले.